जुन्या टॅव्हर्न, जुनी घरं : न्यू जर्सीचा सुरुवातीचा काळ कुठे बघायचा?

गाडीवाट

न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधला रस्ता, ही चेष्टा इथे राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. अठराव्या शतकातही तसंच होतं. फरक एवढाच की तेव्हा हा रस्ता दोन तासांत संपत नसे, वाटेत मुक्काम पडायचाच. म्हणून नदीच्या उतारावर, फेरीच्या धक्क्याजवळ, दोन रस्ते मिळतात तिथे टॅव्हर्न उभ्या राहिल्या. प्रत्येक गावाने परक्या वाटसरूंच्या खाण्याराहण्याची सोय केलीच पाहिजे, असा कायदा इथल्या असेंब्लीने १६६८ सालीच केला होता. पुढे परवाना काउंटीच्या कोर्टाकडून घ्यावा लागे. दारू, जेवण, बिछाना आणि घोड्याचं दाणावैरण यांचे दरही कोर्टच बांधून द्यायचं.

फलक मात्र हवेल्यांवर जास्त. 'वॉशिंग्टन इथे उतरले होते' ही पाटी इतक्या दारांवर आहे की हा माणूस लढला कधी असा प्रश्न पडावा. पिस्कॅटवे, न्यू ब्रन्सविक, पर्थ अँबॉय या टापूत जे उरलंय ते सवडीने बघत आलोय. माझं मत असं झालंय की या भागाचा सुरुवातीचा इतिहास हवेल्यांपेक्षा टॅव्हर्नमध्ये जास्त घडला. हवेली एका घराण्याची असते. टॅव्हर्नमध्ये टपाल यायचं, लिलाव व्हायचे, तंटे मिटायचे, बातमी फुटायची.

रटगर्स विद्यापीठाचंच बघा. १७६६ मध्ये क्वीन्स कॉलेज या नावाने सनद मिळाली, पण इमारत कुठे होती? १७७१ मध्ये पहिले वर्ग भरले ते न्यू ब्रन्सविकमधल्या 'रेड लायन' टॅव्हर्नमध्ये. शिकवायला फ्रेडरिक फ्रेलिंगहायझन, वय १८. पहिला पदवीधर १७७४ मध्ये बाहेर पडला आणि त्या वर्षी तो एकटाच होता. रेड लायन आज उभी नाही.

'इंडियन क्वीन' मात्र उभी आहे. मूळची न्यू ब्रन्सविकमध्ये नदीलगत होती, आता पिस्कॅटवेच्या जॉन्सन पार्कमधल्या ईस्ट जर्सी ओल्ड टाउन व्हिलेज या जुन्या इमारतींच्या खुल्या संग्रहालयात आहे. या गावातल्या काही इमारती मूळच्या, काही नव्याने उभारलेल्या. डॉ. जोसेफ क्लर यांच्या खटपटीतून १९७० च्या दशकात हे आकाराला आलं.

इंडियन क्वीनशी जोडलेला किस्सा मला फार आवडतो. सप्टेंबर १७७६. स्वातंत्र्याचा जाहीरनामा होऊन दोन महिने झालेत, न्यूयॉर्कच्या लढाईत अमेरिकनांनी मार खाल्लाय आणि ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड हाउ याने बोलणी करायला बोलावलंय. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधीसभेने, तिघांना धाडलं : बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स, एडवर्ड रटलेज. रस्त्यावर सैनिकांची वर्दळ, टॅव्हर्न तुडुंब. न्यू ब्रन्सविकमध्ये ॲडम्स आणि फ्रँकलिन या दोघांत मिळून एक पलंग मिळाला. खोली पलंगापेक्षा जेमतेम मोठी, शेगडी नाही, एक लहानशी खिडकी. ॲडम्सची तब्येत नाजूक, रात्रीच्या हवेची धास्ती, म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. सत्तरीचा फ्रँकलिन म्हणाला, उघड ती, नाहीतर गुदमरून मरू. मग सर्दी थंड हवेने होत नाही, कोंदट खोलीत एकमेकांच्या श्वासाने होते, यावर त्याचं व्याख्यान सुरू झालं. ॲडम्सने कुतूहलापोटी खिडकी उघडली आणि व्याख्यान चालू असतानाच तो झोपी गेला. हे सगळं त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

तिथून ते पर्थ अँबॉयला गेले आणि होडीतून स्टेटन आयलंडला उतरले. समोरच बिलॉप यांचं दगडी घर, १६८० च्या सुमाराचं. आज त्याला कॉन्फरन्स हाउस म्हणतात. पहारेकऱ्यांच्या मुक्कामाने ते घर तबेल्यासारखं घाण झालं होतं, पण हाउने एका मोठ्या खोलीत शेवाळ आणि हिरव्या डहाळ्या अंथरून ती सजवली होती. क्लॅरेट वाइन, चांगला पाव, थंड हॅम, जीभ आणि मटण असा बेत होता. ११ सप्टेंबरला सुमारे तीन तास बोलणं झालं आणि फिसकटलं.

आता नकाशा बघा. ज्या पर्थ अँबॉयमधून फ्रँकलिन होडीत बसला, तिथेच प्रोप्रायटरी हाउस आहे. १७६० च्या दशकातलं हे विटांचं घर. तेरा वसाहतींमधल्या शाही गव्हर्नरांच्या सरकारी निवासांपैकी मूळचं हेच तेवढं शिल्लक आहे. आणि त्यात राहणारा गव्हर्नर म्हणजे विल्यम फ्रँकलिन, बेंजामिनचा मुलगा! मुलगा राजाशी एकनिष्ठ राहिला. जून १७७६ मध्ये त्याला याच घरातून अटक करून पुढे कनेटिकटला कैदेत पाठवलं. बाप तहाच्या बोलण्यासाठी गावातून गेला तेव्हा सून एलिझाबेथ याच घरात एकटी होती. ती पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारली, नवऱ्याची भेट न होता.

या दोन घरांच्या मधे फक्त आर्थर किल ही खाडी आहे. माझ्या मते एका दिवसात बघण्यासारखं या भागात दुसरं काही इतकं भरीव नाही.

घराजवळचंच बघायचं तर रिव्हर रोडवरचं कॉर्नेलियस लो हाउस. १७४१ मधलं दुमजली वालुकाश्माचं घर, आता काउंटीचं संग्रहालय. ते उंचावर का आहे हे खाली बघितलं की कळतं. खाली रॅरिटन लँडिंग होतं. जहाजं नदीतून जेवढी आत येऊ शकत त्याच्या टोकाला वसलेलं बंदर. आतल्या शेतांवरचा गहू, पीठ इथून न्यूयॉर्कला जायचं. १७७६-७७ च्या हिवाळ्यात इथे ब्रिटिश फौजेचा तळ होता. पुढे कालवा आणि रेल्वे आली, बंदराचं काम संपलं. आपण जॉन्सन पार्कमध्ये जिथे सहलीला चटया टाकतो, त्या गवताखाली या बंदराचा बराच भाग आहे. उत्खननात पाये, गोदामं, भांडी सापडली आहेत.

रॉवेला मर्चंट्स अँड ड्रोव्हर्स टॅव्हर्न आहे, १७९५ च्या सुमाराची. व्यापारी आणि बाजाराला गुरं हाकत नेणारे हे तिचं गिऱ्हाईक. तिच्याबद्दल कोणीतरी नीट लिहा, माझं तिथे घाईत झालं.

---

पाटपाणी

छान लिहिलंय. आमच्या घरात चौथीतलं एक आहे, त्याला शाळेतून न्यू जर्सीचा इतिहास आहे. त्याला घेऊन कुठे जावं? आणि टॅव्हर्न म्हणजे बारच ना, मुलांना नेतात का आत?

---

गाडीवाट

@पाटपाणी, या आता संग्रहालयं आहेत, खुशाल न्या. तेव्हाही तिथे कुटुंबं उतरायची, फक्त पलंग अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावा लागे. चौथीतल्या मुलासाठी ओल्ड टाउन व्हिलेज उत्तम, मोकळी जागा आहे. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या, असली ठिकाणं आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात.

दारूचं म्हणाल तर इकडची खासियत सफरचंदाची : ॲपलजॅक, 'जर्सी लाइटनिंग'. मॉनमाउथ काउंटीतलं लेअर्ड घराणं १७८० पासून व्यापारी तत्त्वावर ती काढतंय.

---

ढब्बू_पैसा

विरजण घालतो. इंडियन क्वीन नदीकाठावरून उचलून पार्कात आणून ठेवली. आजूबाजूला ज्या इमारती आहेत त्या तिच्या शेजारी कधीच नव्हत्या. रॉकिंगहॅम, जिथून वॉशिंग्टनने १७८३ मध्ये सैन्याला निरोपाचा हुकूम लिहिला, ते घर दगडाच्या खाणीपायी तीनदा हललंय. सॉमरव्हिलचं ओल्ड डच पार्सनेज १९१३ मध्ये रेल्वेसाठी सरकवलं. आणि मॅनहॅटनमधली प्रसिद्ध फ्रॉन्सेस टॅव्हर्न, जिथे वॉशिंग्टनने ४ डिसेंबर १७८३ ला अधिकाऱ्यांचा निरोप घेतला, ती १९०७ च्या 'जीर्णोद्धारात' इतकी नव्याने बांधली की मूळ इमारत कशी दिसायची हे बरंचसं अंदाजावर ठरवलं. याला 'उरलेली घरं' म्हणायचं?

शिवाय ॲडम्सने टॅव्हर्नचं नाव लिहिलेलंच नाही. इंडियन क्वीन हे नंतरच्यांनी जोडलेलं.

---

गाडीवाट

@ढब्बू_पैसा, नाव त्याने लिहिलेलं नाही हे खरंच, म्हणून मीही 'जोडलेला किस्सा' म्हटलंय. पण गावात मोजक्या टॅव्हर्न, सगळ्या भरलेल्या. खोली कशी असेल हे कळायला तेवढी दाखवायला मिळते आहे.

हलवण्याबद्दल मात्र आपलं जमणार नाही. पार्सनेज सरकवलं नसतं तर आज तिथे रूळ असते. १७५१ मध्ये डच रिफॉर्म्ड पंथाच्या तीन मंडळ्यांनी मिळून आपल्या पाद्र्यासाठी बांधलेलं विटांचं घर ते. त्या पाद्र्याची बायको डायना अ‍ॅम्स्टरडॅमहून आलेली. तो वारल्यावर तिने त्याचाच शिष्य जेकब हार्डनबर्ग याच्याशी लग्न केलं आणि हार्डनबर्ग पुढे क्वीन्स कॉलेजचा पहिला अध्यक्ष झाला. जवळच वॉलेस हाउस आहे. डिसेंबर १७७८ ते जून १७७९ वॉशिंग्टनचा मुक्काम तिथे होता आणि त्याबद्दल त्याने १००० डॉलर दिले. म्हणजे एका आवाक्यात चर्च, कॉलेज आणि युद्ध. घर थोडं सरकलं म्हणून हे सगळं खोटं होतं का?

---

ढब्बू_पैसा

खोटं नाही, पण टॅव्हर्न म्हणजे तिची जागा, असं तुम्हीच वर मांडलंत. फेरीचा धक्का, रस्त्याची फाटाफूट, वगैरे. जागाच काढून घेतली तर उरते खोली. रॉवेची टॅव्हर्न म्हणून मला जास्त पटते, ती हमरस्त्यावर मूळ जागीच आहे. मोठ्या गर्दीच्या काळात वाढवत नेलेली, वरच्या मजल्यांवर झोपायच्या खोल्या. बाजूच्या दफनभूमीत अब्राहम क्लार्कची कबर आहे, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या न्यू जर्सीच्या पाच जणांपैकी एक. तिथे उभं राहिलं की रस्ता अजून वाहतोय हे दिसतं, गुरांऐवजी ट्रक.

---

काळा_फळा

धाग्यात आतापर्यंत गव्हर्नर, पाद्री, सेनापती आणि डॉक्टर येऊन गेले. या घरांत पाणी कोण भरत होतं?

पर्थ अँबॉय हे पूर्व जर्सीत गुलाम उतरवण्याचं मुख्य बंदर होतं. प्रोप्रायटरी हाउस बघायला जाल तेव्हा हेही डोक्यात असू द्या. न्यू जर्सीने १८०४ मध्ये कायदा केला, पण तो असा : ४ जुलै १८०४ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल 'मुक्त', फक्त मुलगी असेल तर २१ आणि मुलगा असेल तर २५ वर्षांपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. त्याआधी जन्मलेल्यांना काहीच नाही. १८६० च्या जनगणनेत या राज्यात अजून १८ माणसं गुलामीत होती, त्यांना कागदावर 'आजन्म उमेदवार' म्हणत. गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती राज्याने १८६५ मध्ये आधी नाकारली, जानेवारी १८६६ मध्ये मान्य केली.

हार्डनबर्गचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. सोजर्नर ट्रूथ, गुलामीविरुद्ध बोलणारी ती विलक्षण बाई, न्यूयॉर्क राज्यात या हार्डनबर्ग घराण्याच्याच गुलामीत जन्मली. तिची पहिली भाषा डच होती, इंग्रजी तिला नंतर शिकावी लागली. आणि रटगर्सच्या ओल्ड क्वीन्स इमारतीच्या पायाच्या कामावर 'विल' नावाचा एक गुलाम माणूस राबला. विद्यापीठाने २०१६ पासून हा इतिहास संशोधन करून छापला आणि इमारतीजवळच्या वाटेला त्याचं नाव दिलं. पुढच्या वेळी न्यू ब्रन्सविकला गेलात तर विल्स वे शोधा.

---

पाटपाणी

@काळा_फळा, आमच्या चिरंजिवांच्या पुस्तकात गुलामी म्हणजे दक्षिणेकडची गोष्ट आहे. न्यू जर्सीबद्दल एक ओळ नाही. आजच जेवताना विषय काढते.

---

कापूसकोंडी

मी कॅमडेनच्या बाजूला राहते. तुम्ही उत्तरेची मंडळी न्यू जर्सी म्हणजे एडिसन गाव धरून चालता! एकेकाळी ही दोन राज्यं होती, १६७६ च्या वाटणीने पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी. राजधान्याही दोन, पर्थ अँबॉय आणि बर्लिंग्टन. १७०२ मध्ये एकत्र आली. प्रिन्स्टनजवळचा प्रॉव्हिन्स लाइन रोड त्याच वाटणीची रेषा.

आणि हा फरक घरांत दिसतो. वर बर्गनकडे डचांची लालसर दगडाची घरं. तिकडचं स्टॉयबेन हाउस बघा, १७५२ च्या सुमाराचं, एका राजनिष्ठ झाब्रिस्कीचं घर, ते जप्त करून राज्याने १७८३ मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्याला कवायत शिकवणाऱ्या फॉन स्टॉयबेनला बक्षीस दिलं. खाली आमच्याकडे डेलावेअर नदीकाठी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आले, ते विटांचे लोक. सेलम काउंटीतलं हॅनकॉक हाउस बघाच. १७३४ ची बाजूची भिंत, त्यात निळसर झिलईच्या विटांची वरपासून खालपर्यंत नागमोडी नक्षी आणि माथ्यावर नवराबायकोची आद्याक्षरं आणि साल. साध्या राहणीच्या क्वेकरांनी एवढा थाट भिंतीवर केला, याचं मला नेहमी हसू येतं.

पण त्या घरात २१ मार्च १७७८ च्या पहाटे भयंकर प्रकार झाला. मेजर सिमको ब्रिटिश फौज घेऊन आला. घरात मिलिशियाची, म्हणजे अमेरिकन बाजूच्या स्थानिक फौजेची, माणसं झोपली होती, त्यांना संगिनींनी भोसकलं. घरमालक जज्ज हॅनकॉक स्वतः राजाच्या बाजूचा, तोही त्या झटापटीत जखमी होऊन मेला. सिमको पुढे कॅनडात मोठ्या पदाला चढला.

ही इमारत नंतर काही काळ टॅव्हर्न म्हणूनही चालली, म्हणजे गाडीवाट यांच्या धाग्यात दोन्ही बाजूंनी बसते.

---

गाडीवाट

@कापूसकोंडी, हॅडनफिल्डच्या इंडियन किंगबद्दलही लिहा ना. माझ्या मुद्द्याचा तोच सगळ्यात मोठा साक्षीदार आणि तुमच्या अंगणातला.

---

कापूसकोंडी

लिहिते. इंडियन किंग १७५० मधली, तीन मजली. १७७७ मध्ये ब्रिटिश मागे लागल्यामुळे न्यू जर्सीची असेंब्ली गावोगाव हिंडत होती. ती इथे वरच्या सभागृहात भरली. राज्याची मुद्रा ठरवायचा कायदा इथला आणि सप्टेंबर १७७७ मध्ये कायद्यांतला 'कॉलनी' शब्द काढून 'स्टेट' घालायचा ठरावही इथलाच. १९०३ मध्ये राज्याने ती विकत घेतली. राज्याने ताब्यात घेतलेलं हे पहिलं ऐतिहासिक स्थळ. ज्या गावात राज्याचा जन्म टॅव्हर्नमध्ये झाला, त्याच हॅडनफिल्डने एकोणिसाव्या शतकात दारूबंदी करून टाकली.

खालचं तळघर बघायला विसरू नका.

---

दगडधोंडे

डच, क्वेकर झाले. त्याआधीचे स्वीडिश राहिले. डेलावेअरकाठी १६३८ ते १६५५ न्यू स्वीडन नावाची वसाहत होती. ओंडके एकमेकांत अडकवून घर बांधायची पद्धत या स्वीडिश आणि फिनिश लोकांबरोबर आली. गिब्सटाउनला नॉथनेगल लॉग हाउस आहे, १६४० च्या आसपासचं मानतात. अमेरिकेच्या जुन्यात जुन्या लाकडी घरांत त्याची गणना होते.

आणि सगळ्यांच्या आधीचे लेनापे, इथले मूळ रहिवासी. त्यांची घरं झाडाच्या सालींची, त्यामुळे एकही उरलेलं नाही. म्हणून 'उरलेल्या घरां'वरून इतिहास लिहायचा तर ते गळतातच. उरले ते रस्ते आणि नावं. रॅरिटन, मटाचन, हॅकेन्सॅक ही नावं तुमच्या जीपीएसमध्ये रोज बोलली जातात. १७५८ मध्ये बर्लिंग्टन काउंटीत त्यांच्यासाठी ब्रदरटन नावाची राखीव जागा केली, १८०१ च्या सुमाराला ती विकून उरलेले लोक न्यूयॉर्क राज्याकडे निघून गेले. आज त्या जागेला इंडियन मिल्स म्हणतात.

दोन टॅव्हर्नना 'इंडियन किंग' आणि 'इंडियन क्वीन' नाव देणाऱ्या मंडळींनी त्यांच्या जमिनीचं काय केलं ते हे.

---

ढब्बू_पैसा

@दगडधोंडे, पाट्यांवरची ही नावं बहुतेक इंग्लंडच्या टॅव्हर्नकडून उसनी घेतलेली फॅशन. फिलाडेल्फियातही त्याच नावांच्या होत्या.

---

दगडधोंडे

फॅशन असेल. म्हणून मुद्दा कमी होत नाही.

---

सुपारीचं_खांड

या गंभीर धाग्यात एक हलकं. ज्या रॉकिंगहॅमबद्दल ढब्बू_पैसा बोलले, तिथे १७८३ च्या शरदात 'कॉमन सेन्स' लिहिणारा टॉमस पेन पाहुणा होता. नदी पेटते अशी गावात चर्चा होती. पेनचं म्हणणं, तळाच्या चिखलातून निघणारा वायू पेटतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तळाशी डांबरासारखा पदार्थ असणार. म्हणून ५ नोव्हेंबरला वॉशिंग्टन, पेन आणि मंडळी नावेत बसली. सैनिकांनी लांब काठ्यांनी चिखल ढवळला, वॉशिंग्टनने पेटता कागद पाण्याजवळ धरला, आणि बुडबुड्यांनी पेट घेतला. पेन जिंकला. युद्ध संपल्यावर सेनापती मिलस्टोन नदीत हे उद्योग करत होते!

---

पाटपाणी

हे चिरंजिवांना सांगितलं, आता त्याला दुसरं काही बघायचंच नाही. रॉकिंगहॅमला घेऊन जाते. गाडीवाट, पर्थ अँबॉय आणि कॉन्फरन्स हाउस एका दिवसात मुलासकट होईल का?

---

गाडीवाट

होईल. आधी प्रोप्रायटरी हाउस, मग आउटरब्रिज क्रॉसिंग पुलाने स्टेटन आयलंडवरचं टॉटेनव्हिल. पुलाचा टोल स्टेटन आयलंडकडे जाताना लागतो, येताना नाही. कॉन्फरन्स हाउसच्या मागे उतार थेट पाण्यापर्यंत जातो, डबा तिथेच खा, समोर पर्थ अँबॉय दिसतं. त्याला विचारा, फ्रँकलिन होडीतून नेमका कुठे उतरला असेल. मी दोनतीन जागा धरून बसलोय, तो चौथी सांगेल.